अळीचा उपास

आपल्या लोकांचे कडुनिंबाशी जे नाते आहे, त्याची मला नेहमीच मोठी गंमत वाटत आली आहे. कडू काकडी लागली तर आपण घास थुंकून टाकतो. कारल्याला मीठ लावून, ते पिळून, वर गूळ घालून त्याचा कडूपणा जाईल तेवढा घालवतो. कडवट बोलणाऱ्या माणसाला तर चहालाही बोलावीत नाही. पण ज्याच्या पानापासून बीपर्यंत सारेच कडू, त्या झाडाला मात्र आपण खुशाल अंगणात जागा दिली आहे. गुढीला त्याचा डहाळा बांधायचा, वर्षाचा पहिला घास म्हणून त्याची पाने हिंग, ओवा, मीठ, गूळ घालून वाटून खायची, घरात गोवर-कांजिण्या आल्या की मुलाच्या उशाशी त्याचीच डहाळी ठेवायची. सणाला तो आणि दुखण्यालाही तो! गोड बोलून एवढा मान मिळवणारी झाडेही थोडीच असतील.

हे सारे माणसाच्या बाजूने झाले. किड्याच्या बाजूने या झाडाकडे कुणी पाहिले आहे का? ज्या चवीने आपण नुसते तोंड वाकडे करतो, त्या चवीने बोटभर अळीचे काय होत असेल? हा प्रश्न मला पडला तो माझ्या आजोळामुळे. कारण तिथे या झाडाचा मान देवघरापेक्षा कोठीत अधिक होता.

माझे आजोळ यवतमाळ जिल्ह्यातले. काळ्या मातीचे आणि कापसाचे. माजघराला लागून एक अंधारी कोठी होती आणि तीत ज्वारीच्या कणग्या उभ्या असत. आजी उन्हाळ्यात धान्याला कडक ऊन दाखवी आणि कणगी भरताना धान्याचा एक थर, त्यावर कडुनिंबाच्या सुकलेल्या पाल्याचा एक थर, पुन्हा धान्य, पुन्हा पाला अशी रचना करी. तुरीच्या डाळीला एरंडेलाचा हात पुसलेला असे. मुगात चाळलेली राख. शालीच्या घडीत वेखंडाचे कांडे. हे सारे कशासाठी, असे विचारले तर ती म्हणे, “कीड लागू नये म्हणून.” यामागे शास्त्र आहे असे तिला कुणी सांगितले असते, तर “असंन बापा” म्हणून तिने पुढची कणगी लिंपायला घेतली असती.

ते शास्त्र आता सांगता येते. डाळीवर तेलाचा पुसट हात फिरला की भुंग्याने दाण्यावर घातलेली अंडी गुदमरतात. राखेचे बारीक कण किड्याच्या अंगावरचा मेणचट लेप खरवडून काढतात, मग तो आतून कोरडा पडत जातो. वेखंडाच्या तेलात असे एक द्रव्य आहे की त्याने काही किड्यांची वंशवाढच खुंटते. तुमच्या आईने किंवा सासूबाईंनी तांदळाच्या डब्यात कडुनिंबाचा पाला घातलेला तुम्हीही पाहिला असेल. आपल्या स्वयंपाकघरांतून अशी एक लहानशी कीटकशास्त्राची शाळा पिढ्यान्‌पिढ्या चालू होती. फक्त तिच्या दारावर पाटी नव्हती.

पण कोठीतले धान्य राखणे वेगळे आणि उघड्या रानातले पीक राखणे वेगळे. कणगीला झाकण असते, शेताला नसते. तिथे पाऊस पडतो, ऊन तापते, आणि किड्यांना आमंत्रण लागत नाही. तेव्हा आजीची विद्या शेतात चालते का, हे मी पाहिले ते माझ्या मामेभावाकडे.

आजोळची शेती आज तो पाहतो. वयाने माझ्याहून लहान, म्हणून मला ‘भाऊ’ म्हणतो. आपण इकडे जिला कपाशी म्हणतो तिला तिकडे पऱ्हाटी म्हणतात. या पऱ्हाटीवर हंगामाच्या सुरुवातीला तो गेली काही वर्षे निंबोळीचा अर्क फवारतो. तो अर्क करताना मी दोन दिवस त्याच्या मागे मागे हिंडलो, आणि एवढ्या मोठ्या कामाचे साहित्य किती साधे असते याचे मला आश्चर्य वाटले.

पावसाळा तोंडावर आला की झाडाखाली पिवळ्या निंबोळ्यांचा सडा पडतो. पिकल्या निंबोळीचा गर चक्क गोडसर असतो; लहानपणी आम्ही तो चोखून बी एकमेकांच्या अंगावर उडवीत असू. खरा ऐवज त्या उडवलेल्या बीत असतो हे तेव्हा कुणाला ठाऊक होते! बाया त्या वेचून आणतात, पाण्यात कुस्करून गर काढून टाकतात आणि बिया सावलीत वाळवतात. उन्हात वाळवायच्या नाहीत आणि ओल्याही ठेवायच्या नाहीत, कारण ऊन आणि बुरशी दोन्ही त्यांचा गुण घालवतात. फवारणीच्या आदल्या दिवशी ५ किलो बियांची भरड पूड ९ लिटर पाण्यात भिजत घालायची. दुसऱ्या भांड्यात १ लिटर पाण्यात २०० ग्रॅम साबणाचा चुरा विरघळवून ठेवायचा. दुसऱ्या दिवशी भिजवण काठीने चांगले ढवळून फडक्यातून गाळले की दुधासारखे पांढुरके पाणी निघते. त्यात साबणाचे पाणी मिसळायचे, म्हणजे बियांतले तेल पाण्याशी फटकून वागत नाही आणि फवारा पानाला धरून राहतो. मग साधे पाणी घालून सगळे १०० लिटर करायचे. झाला ५ टक्के निंबोळी अर्क! तो केला त्याच दिवशी वापरायचा आणि उन्हे उतरल्यावर फवारायचा. एकरी साधारण २०० लिटर लागतो, म्हणजे १० किलो बिया. एखाद्या गृहिणीला हा प्रकार शिकेकाई भिजत घालण्याच्या जातीचा वाटेल, आणि ते काही खोटे नाही.

फवारणीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही शेतात गेलो. पहिल्याच झाडावर एक अळी पानाच्या कडेला आरामात बसलेली होती. मी म्हटले, “अरे, ही तर जिवंत आहे!”

तो हसला. म्हणाला, “जिती आहे भाऊ, पण खाते का, थे पाहा.”

आम्ही दोघे उकिडवे बसून पाहत राहिलो. अळीने पानाच्या कडेला तोंड लावले, जरा थांबली, मान उचलली, दोन पावले पुढे गेली, पुन्हा तोंड लावले, पुन्हा मान उचलली. पंगतीत बसलेल्या पाहुण्याने पहिल्याच घासाला चेहरा लपवावा तसा काहीसा प्रकार होता तो. समोर हिरवेगार ताट वाढलेले आणि पाहुणी उपाशी!

उपास हा शब्द मी मुद्दाम वापरतो आहे. आपल्या उपासाचे काय असते ते सर्वांना ठाऊक आहे. ‘एकादशी, दुप्पट खाशी’ ही म्हण आपल्याच घरांतून निघाली. साबुदाण्याची खिचडी, वऱ्याचे तांदूळ, दाण्याची आमटी, रताळ्याचा कीस एवढ्यावर आपण देवाला संतुष्ट करतो. अळीला मात्र निंबोळी खरा उपास घडवते. पानावर त्या द्रव्याचा अंश नुसता असला तरी कित्येक किड्यांची तोंडाजवळची चव घेणारी इंद्रिये ‘हे खाऊ नको’ असे सांगतात. त्यातूनही एखादीने हट्टाने खाल्लेच, तर पुढे दुसरे संकट उभे राहते.

ते संकट समजायला दिवाळीचे दिवस बरे आहेत. वाढत्या वयाच्या मुलांना दरसाल नवा सदरा शिवावा लागतो, कारण गेल्या दिवाळीचा या दिवाळीला आखूड झालेला असतो. अळीचा सदरा म्हणजे तिची कातडी. अळी वाढते, कातडी वाढत नाही. म्हणून ती ठरावीक काळाने जुनी कात टाकून नवी धारण करते. ही कात केव्हा टाकायची याची सूचना तिच्या शरीरातला एक रस देतो. निंबोळीतले द्रव्य नेमके या सूचनेत गोंधळ घालते. अळी जुन्या सदऱ्यातच अडकून राहते. तिला पुढची अवस्था गाठता येत नाही, आणि काही दिवसांत ती मरते. मरते ती आपल्या बालपणातच, पंख फुटण्याआधी आणि अंडी घालण्याआधी. शिवाय अर्क फवारलेल्या पानावर अंडी घालायलाही कित्येक पतंग नाखूश असतात. पाने खाणाऱ्याला याची बाधा होते. नुसत्या पानावर येऊन मावा खाणाऱ्या ढालकिड्यासारख्या शेतकऱ्याच्या मित्रांना त्या मानाने फार कमी.

ही गोष्ट शास्त्रज्ञांच्या ध्यानात आली ती टोळधाडीमुळे. १९५९ साली सुदानात टोळांची मोठी धाड आली. हिरवे म्हणून जे जे होते ते त्यांनी फस्त केले. पण कडुनिंबाची झाडे तेवढी हिरवीगार उभी राहिली. हाइनरिश श्मुटेरर नावाच्या जर्मन कीटकशास्त्रज्ञाने हे पाहिले आणि पुढचे आयुष्य या झाडाच्या अभ्यासात घातले. आपल्याकडे १९६२ साली दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेत डॉ. एस. प्रधान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी निंबोळीच्या गराची पूड अगदी विरळ प्रमाणात पाण्यात कालवून उभ्या पिकांवर फवारली. टोळ आले, पिकांवर उतरले, आणि न खाता उडून गेले. १९६८ साली इंग्लंडमधील कील विद्यापीठात बटरवर्थ आणि मॉर्गन यांनी बियांतले ते द्रव्य वेगळे काढले. त्याचे नाव ॲझाडिरॅक्टिन. झाडाच्या शास्त्रीय नावावरूनच ते पडले, आणि त्या नावाचे मूळ आहे फारसी ‘आझाद दरख्त’ म्हणजे स्वतंत्र झाड. टोळांच्या राज्यात एकटे हिरवे राहणाऱ्या झाडाला याहून चांगले नाव कुठले मिळणार?

या द्रव्याची रचना इतकी गुंतागुंतीची निघाली की ती नक्की कळायला १९८५ साल उजाडले, आणि केंब्रिजच्या स्टीव्हन ले यांच्या प्रयोगशाळेत ते माणसाच्या हाताने पहिल्यांदा घडवले गेले ते २००७ साली. बावीस वर्षांची खटपट! आमच्या आजोळच्या पारावरचे झाड मात्र ते दर उन्हाळ्यात पोत्यांनी तयार करते, आणि खाली बसून गप्पा मारणाऱ्यांना त्याची कुणकुणही लागू देत नाही.

मग तुम्ही विचाराल, १९६२ साली जर दिल्लीत एवढे सिद्ध झाले होते, तर साऱ्या देशाने तेव्हाच निंबोळ्या वेचायला का सुरुवात केली नाही? कारण त्या वेळी दुसऱ्याच एका द्रव्याचे राज्य होते. डी. डी. टी.चा किडे मारण्याचा गुण पॉल म्यूलर यांनी १९३९ साली शोधला, आणि १९४८ साली त्यांना त्यासाठी नोबेल पारितोषिक मिळाले. १९५३ पासून आपल्या देशात हिवतापाविरुद्ध जी मोहीम निघाली तिचा सारा भर याच द्रव्यावर होता. पाठीवर पंप घेतलेली खाकी कपड्यांतली माणसे गावात येत, घराच्या भिंती फवारीत आणि दारावर तारीख लिहून जात, हे मला चांगले आठवते. त्या फवाऱ्याने असंख्य माणसांचे प्राण वाचवले. त्याला आज शिव्या देणे हा कृतघ्नपणा होईल.

पण घराच्या भिंतीवरून तो फवारा शेतात गेला आणि त्याच्यामागून आणखी किती तरी विषे गेली. १९६२ सालीच, म्हणजे दिल्लीत टोळ उपाशी परत जात होते त्याच वर्षी, अमेरिकेत रेचल कार्सन या विदुषीचे ‘सायलेंट स्प्रिंग’ हे पुस्तक निघाले आणि या विषांनी पाखरांचे, माशांचे, मातीचे काय होते ते जगाला कळले. आपल्याकडे शेतीसाठी डी. डी. टी. वापरण्यावर बंदी आली ती १९८९ साली. मात्र त्याच्या भावंडांचा वावर चालूच राहिला.

आपल्या भाषेचा एक विशेष मला इथे नेहमी खटकतो. शेतावर फवारायच्या विषाला आपण ‘औषध’ म्हणतो. ‘औषध मारले’, ‘औषध आणायला गेला आहे’. आजारी मुलाला चमच्याने देतात तेही औषध आणि अळीवर मारतात तेही औषध! आणि कुणी कर्जापायी जीव दिला तरी गावात दबक्या आवाजात म्हणतात, “औषध घेतलं.” ज्या शब्दावर माणसाने विश्वासाने तोंड उघडावे, तोच शब्द डब्यावर चिकटला की त्या डब्याची भीती उरत नाही.

ती भीती किती आवश्यक होती ते २०१७ सालच्या पावसाळ्यात आमच्या आजोळच्या जिल्ह्याला कळले. त्या साली पऱ्हाटी नेहमीपेक्षा उंच वाढली होती. कुठे कुठे तर माणसाच्या डोक्याला लागेल एवढी. फवारणाऱ्याला पंपाची नळी वर धरावी लागे आणि फवारा त्याच्याच तोंडावर, छातीवर उतरे. त्यात दोन-तीन विषे एकत्र कालवण्याची पद्धत. हातमोजे नाहीत, चष्मा नाही, तोंडाला बांधलेला रुमालही घामाने आणि फवाऱ्याने भिजलेला. एकट्या यवतमाळ जिल्ह्यात वीसच्या आसपास माणसे त्या हंगामात दगावली आणि शेकडो दवाखान्यांत पडली. त्यांत शेतकरी होते, तसे रोजाने फवारणी करणारे भूमिहीन मजूरही होते.

माझ्या मामेभावाच्या बांधाला लागून असलेल्या शेतात फवारणीला जाणारा असाच एक मजूर त्या वेळी दवाखान्यात होता. ओकाऱ्या होत होत्या आणि डोळ्यांना धड दिसत नव्हते. सुदैवाने तो वाचला. मामेभाऊ त्याला भेटायला गेला तेव्हा तो म्हणाला, “अळीसाठी आणलं होतं मालक, पण औषध माह्यावरच पडलं.” हे वाक्य मामेभावाने मला फोनवर सांगितले आणि बराच वेळ तो काही बोललाच नाही. त्याच्याकडच्या निंबोळीच्या पोत्यांचे मूळ या एका वाक्यात आहे.

इथे एक इशारा दिला पाहिजे. नाहीतर ‘झाडपाल्याचे ते सारे चांगले’ असे म्हणून आपण दुसऱ्या टोकाला जाऊ. वनस्पतीने किड्यासाठी तयार केलेले विष आपल्याला ओळखून सोडून देत नाही. तंबाखूचे पाणी हे जुने कीटकनाशक आहे, आणि त्यातले निकोटीन हे माणसालाही जालीम विष आहे. डेरिस नावाच्या वेलीच्या मुळ्यांतून निघणारे रोटेनोन एके काळी बागांतून बिनधास्त वापरीत; पुढे २००० साली उंदरांवरील प्रयोगांत त्याचा आणि कंपवाताचा संबंध दिसून आला. सीताफळाच्या बियांची पूड उवांवर लावताना डोळ्यांत गेली तर डोळ्यांना गंभीर इजा होते. आपल्याकडचे शेतकरी जो दशपर्णी अर्क करतात, त्यात कडुनिंब, निरगुडी, करंज, सीताफळ, पपई, घाणेरी, रुई, एरंड, गुळवेल यांच्या जोडीला बहुधा कण्हेरही असते, आणि कण्हेर ही पोटात जाण्याची वस्तू नव्हे. फार काय, कडुनिंबाचे तेल तान्ह्या मुलाला पाजले तर जिवावर बेतू शकते. तेव्हा अर्क झाला तरी तो फवारताना तोंड झाकावे, हात धुवावेत, आणि भांडे वेगळे ठेवावे. मामेभावाने अर्काच्या पिपावर खडूने ‘औषध’ न लिहिता ‘कीडनाशक’ लिहिले आहे. मला तो बदल फार आवडला.

याच्या उलट उदाहरणही आपल्या घरातच जळत असते. डास पळवणारी गोल उदबत्ती मूळची जपानी. शेवंतीच्या कुळातल्या पायरेथ्रम या फुलांच्या पुडीपासून ती करीत. या फुलांतले द्रव्य किड्याला चटकन लोळवते, पण उन्हात लवकर नाहीसे होते. रसायनशास्त्रज्ञांनी त्या द्रव्याचा साचा घेऊन त्याच्यासारखी कृत्रिम द्रव्ये केली. १९७३ साली इंग्लंडमधील रोथॅमस्टेड येथे मायकेल एलियट यांनी उन्हातही टिकणारे असे द्रव्य तयार केले. तेव्हा कारखाना आणि झाड यांत वैरच असते असे नाही. कित्येकदा कारखान्याने झाडाकडूनच धडा गिरवलेला असतो.

धडा गिरवणे ठीक. पण धड्यावर आपले नाव घालणे हे मात्र ठीक नाही. कडुनिंबाच्या बाबतीत तेही घडले. कडुनिंबाच्या तेलाने पिकांवरची बुरशी हटवण्याच्या एका कृतीचे पेटंट युरोपच्या पेटंट कार्यालयाने १९९४ साली एका अमेरिकन कंपनीला आणि तिथल्या शेतीखात्याला दिले. वंदना शिवा, युरोपच्या संसदेतील माग्दा आलव्हूट आणि सेंद्रिय शेतीची आंतरराष्ट्रीय संघटना यांनी १९९५ साली त्याला हरकत घेतली. म्युनिचला सुनावणी झाली तेव्हा ‘आमच्याकडे हे पूर्वापार चालते’ एवढे म्हणून भागणार नव्हते. ठोस पुरावा हवा होता. तो पुण्याच्या अभय फडके यांच्या साक्षीने पुरवला. या प्रकारचा अर्क १९८५ आणि १९८६ साली पुणे आणि सांगली जिल्ह्यांतील शेतांवर वापरून पाहिला होता, हे त्यांनी दाखवले. २००० साली पेटंट रद्द झाले आणि २००५ साली अपीलही फेटाळले गेले. आजीच्या कणगीची साक्ष कुणी काढली नाही. ती निघायला आजीने वही लिहायला हवी होती.

आता मूळ मुद्द्याकडे वळतो. झाड आपले, अर्क स्वस्त, पेटंटही परतवलेले. मग यवतमाळच्या साऱ्या शिवारात निंबोळीचीच पिपे का दिसत नाहीत? मी मामेभावाला हे विचारले. तो म्हणाला, “भाऊ, औषध मारलं की अळी खाली पडते, थे डोयानं दिसते. हे मारलं त अळी तशीच बसून राह्यते. माणसाच्या जिवाला धीर कसा येईन?”

या उत्तरात सारे आले. विष निकाल दाखवते. निंबोळी वाट पाहायला लावते. विष महिनाभर आधी आणून ठेवता येते. निंबोळ्या जूनमध्येच वेचाव्या लागतात आणि नेमके तेच पेरणीचे दिवस असतात. अर्क अंड्यांवर आणि बारीक अळ्यांवर चालतो. मोठ्या झालेल्या अळीपुढे त्याचे फारसे चालत नाही, आणि गुलाबी बोंडअळी एकदा बोंडात शिरली की तिथवर तो पोचतच नाही. पाऊस आला की धुऊन जातो, ऊन लागले की विरून जातो, म्हणून पुन्हा पुन्हा फवारावा लागतो. थोडक्यात, विषाला फक्त पैसे लागतात. अर्काला शेतकऱ्याची नजर लागते. आठवड्यातून दोनदा तरी शेतात फिरून पाने उलटून पाहायची, अंडी दिसतात का बघायचे, कामगंध सापळ्यात किती पतंग पडले ते मोजायचे. मामेभाऊ हे करतो. तरीही एखाद्या वर्षी कीड हाताबाहेर गेली तर तोही दुकानातला डबा आणतो. पण आणतो तो एकच, तोंड बांधून, वाऱ्याची दिशा पाहून. आधी दहा वेळा फवारायचा तिथे आता दोन वेळा. ‘आपल्याला सन्यासी नाही व्हायचं, शेती करायची आहे,’ असे त्याचे म्हणणे, आणि ते मला पटते.

पण धीराची ही सारी जबाबदारी एकट्या त्याच्यावर टाकून मोकळे होणे मला बरे वाटत नाही. पऱ्हाटीचे एक वेळ सोडा. कापसाला अळीने कुरतडले होते की नाही हे आपल्या सदऱ्यावरून कळत नाही. भाजीचे तसे नाही. मंडईत आपण वांगे उचलतो, बोटांत फिरवतो, सुईच्या टोकाएवढे भोक दिसले की परत टाकतो. फ्लॉवरचा गड्डा पांढराशुभ्र हवा, भेंडी कोवळी आणि निर्डाग हवी, पालकाच्या पानाला चाळणी चालणार नाही. विकणारा हे पाहतो, व्यापाऱ्याला सांगतो. व्यापारी शेतकऱ्याला सांगतो, आणि शेतकरी पंप पाठीवर घेतो. आपल्या चोखंदळपणाचा हुकूम असा हातोहात त्या पंपाच्या नळीपर्यंत जातो. त्या टोकाला जो माणूस उभा असतो त्याचे नाव आपल्याला ठाऊक नसते.

आमची आजी वांगी चिरताना किडका भाग सुरीने काढून टाकी आणि उरलेले वांगे खुशाल भाजीत घाली. “अळीनं खाल्लं म्हणजे ज्हर नाही त्यात,” असे ती म्हणे. यात थोडी अतिशयोक्ती असेल. एका अळीच्या साक्षीवर साऱ्या भाजीचा निवाडा करता येत नाही. पण तिचा रोख बरोबर होता. अळीला एक घास देण्याची तयारी असली, तर विष दहा वेळांऐवजी दोन वेळा मारून चालते. हा हिशेब शेतकऱ्याला कळतो. प्रश्न आपल्याला तो मान्य आहे की नाही एवढाच आहे.

या वर्षी मामेभावाने अर्ध्या एकरात वांगी लावली आहेत. त्यांच्यावर निंबोळीचा अर्क आणि कामगंध सापळे यांखेरीज काही वापरायचे नाही असे त्याने ठरवले आहे. गेल्या आठवड्यात त्याचा फोन आला. माल चांगला निघतो आहे, पण शंभरांत दहा-पंधरा वांग्यांना डाग आहे, म्हणाला. मग जरा संकोचत विचारले, “भाऊ, तुमच्या पुण्यात डागाची वांगी घेतात का कोणी?”

आमच्या घरापुरते मी ‘घेतात’ म्हणून सांगून टाकले आहे. उरलेल्या पुण्याच्या वतीने शब्द द्यायला मी कोण? तो तुम्हीच त्याला कळवा. फार वेळ मात्र लावू नका, वांगी थांबत नाहीत.